जंक्शन बॉक्सजवळ पाइप तिरका शिरतोय, चेकनट सपाट बसत नाही.. ऑफसेट कसा मारता?

अर्धवट_मिस्त्री

नमस्कार मंडळी. शेडमधे वायरिंगचे पाइप स्वतःच मारायला घेतलेत. म्हणजे फक्त पाइप आणि बॉक्स, वायर आणि कनेक्शन इलेक्ट्रिशियन करणार आहे, तोच म्हणाला पाइप तू मारून ठेव मी एकदा बघतो आणि मग वायर टाकतो. पाइप लोखंडी, पाऊण इंची, पातळ गेजचा, भिंतीवरून उघडा. बेंडर (पाइप वाकवायचं हत्यार) हाताचा, उसना मागून आणलेला.

पाइप भिंतीला टेकून सरळ येतो पण बॉक्सचं भोक भिंतीपासून जरा वर आहे, त्यामुळे शेवटच्या फूटभरात पाइप उचलून तिरका भोकात घालावा लागतो. मग आत चेकनट (पाइप बॉक्सला धरणारा चपटा नट) आवळला की एका बाजूने टेकतो आणि दुसऱ्या बाजूला नख जाईल एवढी फट राहते. पान्याने जोर लावून आवळला तर एका बॉक्सचा पत्राच आत वाकला. सॅडल (पाइप भिंतीला धरणारी पट्टी) मारून पाइप दाबला तर बॉक्सच भिंतीवरून उचलला जातोय, खालचा स्क्रू सुटून आला.

दुसरं म्हणजे काटकोनाचा बेंड मारला की माप चुकतं. १८ इंच उभा पाहिजे म्हणून १८ वर खूण करून वाकवला तर भलताच लांब आला, दोन पाइप असे वाया गेले. आणि एक तर मधे चेपून सपाटच झाला.

आणि एका रूटवर स्टीलची वायर (खरी वायर ओढायला आधी घालतात ती) घालून बघितली तर ती पार होत नाही. त्यात चार काटकोन आहेत. बॉक्सपासून वर, मग आडवा, मग पुढे आलेल्या खांबावर चढायला दोन बेंड, आणि खांबाच्या तोंडावर दुसरा बॉक्स.

यूट्यूबवर बघितलं तर तो माणूस दोन सेकंदात वाकवतो आणि बसतो पण. माझं काय चुकतंय?

तीनसूत

बेंडिंग येईल, ते हातात बसतं. आधी चेकनटचा गैरसमज काढून टाक. तू चेकनटने पाइप ओढून घेतोयस. चेकनटचं काम बॉक्सचा पत्रा आणि अडॅप्टर (पाइपाच्या टोकाला बसणारा आट्याचा तुकडा) एकमेकाला घट्ट धरायचं, पाइपाला वळण लावायचं नाही. पाइप बॉक्ससमोर असा यायला पाहिजे की अडॅप्टर हाताने ढकलला की भोकात सरळ जातो आणि चेकनट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो. पाना फक्त शेवटच्या पाव आट्याला. बोटांनी फिरत नसेल तर तिथेच थांब, पाइप बाहेर काढ आणि वाकवून परत आण. तुझा पत्रा वाकला, स्क्रू सुटला, ही सगळी एकच तक्रार आहे, पाइप ताणात बसलाय.

आता बॉक्स ऑफसेट. अंदाजाने मारू नकोस, आधी मोज. फूटभर पाइपचा सरळ तुकडा घे, अडॅप्टर लावून बॉक्समधे नीट आवळ, बॉक्स भिंतीवर ठेव. तो तुकडा भिंतीपासून हवेत राहील. त्याच्याखाली पट्टी घालून फट मोज. बहुतेक तीन सूत निघेल (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे साडेनऊ मिमीच्या आसपास. (माझा आयडी तिथूनच आलाय, लोक विचारतात म्हणून सांगतो.) पण बॉक्स वेगळा असेल तर दोन सूतही निघेल, म्हणून मोजच.

ऑफसेट म्हणजे दोन उलटसुलट वाक, सारख्याच अंशाचे. दोन खुणांमधलं अंतर काढायचा हिशोब सोपा आहे. जेवढं उचलायचंय त्याला अंशाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. १० अंशाला ६, साडेबावीसला २.६, ३० ला २, ४५ ला १.४. बॉक्ससाठी १० अंश पुरे. तीन सूत गुणिले ६ म्हणजे अठरा सूत, म्हणजे सव्वादोन इंच. झालं, दोन खुणा सव्वादोन इंचावर.

पाइपच्या टोकाला थोडा सरळ भाग सोड, कारण तो अडॅप्टरमधे जाणार आणि बेंडरच्या हुकालाही पकडायला काहीतरी लागतं. मी पाऊण इंचीला अडीच इंच सोडतो. मग बेंडर उलटा धर, दांडा जमिनीवर टेकवून पायाने अडव म्हणजे घसरणार नाही, बूट (म्हणजे बेंडरचं खाचेचं गोल डोकं) वर कमरेपाशी. पहिली खूण बुटावरच्या बाणावर, पाइप हाताने खाली दाब, हात बेंडरच्या जितका जवळ तितका वाक बुटाच्या खाचेत बसतो, लांबून दाबलंस की पाइप खाच सोडून भलतीकडेच वाकतो. बुटावरची दहा अंशाची रेघ आली की थांब. मग पाइप अर्धा फिरव म्हणजे वाकलेलं टोक वरचं खाली येईल, पुढे सरकवून दुसरी खूण बाणावर, परत तेवढंच दाब. आता जमिनीवर ठेवून बघ, लांबचा भाग जमिनीला टेकलेला आणि टोक जमिनीला समांतर तीन सूत वर पाहिजे.

यात नवशिक्याचा एकच घोळ होतो. पाइप अर्धा फिरवताना बरोब्बर अर्धा फिरत नाही, थोडा कमी नाहीतर जास्त. मग दोन वाक एका रेषेत येत नाहीत, पाइप कुत्र्याच्या मागच्या पायासारखा वाकडा दिसतो. त्याला उपाय, वाकवायच्या आधी पाइपवर लांबीभर एक सरळ रेघ मार. गोल पाइपवर सरळ रेघ कशी मारायची तर पाइप लोखंडी अँगलच्या खोबणीत ठेव आणि अँगलच्या काठाला मार्कर टेकवून ओढ. पहिल्या वाकाला रेघ बरोबर वर, दुसऱ्याला बरोबर खाली. आणि दुसरा वाक द्यायच्या आधी एक डोळा मिटून पाइपच्या लांबीवरून बघ, टोक डावी-उजवीकडे दिसलं तर आत्ताच फिरव. दुसरा वाक दिल्यावर सरळ करता येत नाही, नुसता चोळामोळा होतो.

तीनसूत

काटकोनाचं राहिलं. पाइप टोकदार कोपऱ्यात वाकत नाही, गोलाईत वाकतो, ती गोलाई काही इंच खाते. म्हणून खूण करताना ते इंच वजा करायचे. या पातळ पाइपाच्या बेंडरला अर्धा इंचीला ५, पाऊण इंचीला ६, एक इंचीला ८ असा आकडा असतो, पण तुझा बेंडर मागून आणलेला आहे म्हणतोस तर त्याच्या बुटावर कोरलेला आकडा बघ, तोच खरा. १८ पाहिजेत तर १८ वजा ६, टोकापासून १२ वर खूण, बाण खुणेवर, आणि हुक टोकाच्या बाजूला. हुक उलट्या बाजूला केलास तर सगळंच चुकलं. ९० ला जरा पुढे नेऊन सोडायचा, दोनतीन अंश तो परत येतो.

चेपला त्याचं कारण पाय. जमिनीवर मोठा बेंड मारताना दांडा ओढून वाकवायचं नसतं, बुटाच्या टाचेवर पायाने पूर्ण वजन द्यायचं आणि दांडा फक्त दिशा देतो. पायाचा जोर कमी पडला की पाइप खाचेतून उठतो आणि चेपतो. नाहीतर बेंडर मोठ्या मापाचा असेल, एक इंचीच्या बुटात पाऊण इंची पाइप चेपणारच, ते पण तपासून घे. चेपलेला तुकडा ठोकून गोल करून वापरू नकोस, आत काय झालंय दिसत नाही आणि वायर सोलून निघते.

गुण्या_ओळंबा

तीनसूतने सांगितलंय ते सगळं बरोबर, पण मी विचारतो की ऑफसेट मारायचाच कशाला? पाइपच भिंतीपासून तीन सूत उचलून चालवा ना. सॅडलच्या खाली बेस येतो, त्या बेसवर पाइप बसतो, वरून सॅडल. बेसची जाडी आणि बॉक्सच्या भोकाची उंची जुळली की पाइप नाकासमोर सरळ बॉक्समधे. एकही वाक नाही. वर भिंत आणि पाइप यांच्यात हवा खेळते, ओल धरत नाही, गंज कमी. आम्ही जाड गेजचा आट्याचा पाइप वापरायचो तेव्हा असंच करायचो, त्याला बॉक्सपाशी असले छोटे वाक द्यायला कोणाला वेळ होता.

बाकी भाऊ, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट खटकली. बॉक्स आधी भिंतीला मारून टाकलेत तुम्ही. दोन्हीकडचे बॉक्स पक्के आणि मग मधे पाइप बसवायचा म्हणजे पाच मिमी इकडेतिकडे झालं तरी कुठे जाणार? एका टोकाचा बॉक्स पक्का करा, पाइप घालून सॅडल ढिले लावा, दुसरा बॉक्स पाइपच्या टोकाला अडकवा, ओळंब्यात आणा आणि मग त्याची भोकं पाडा. शेवटी सॅडल आवळा.

तीनसूत

बेसवाला मुद्दा मान्य, पण बेस आणि बॉक्स जुळले तर. जुळत नसतील तर सूतभराचा फरकही पाइप ताणतो, मग लोक बेसखाली पुठ्ठा, लाकडाची चकती असलं काहीबाही घालतात आणि सहा महिन्यांनी ते सुकून सॅडल हलायला लागतं. शिवाय शेडमधे उंच उचललेल्या पाइपाला सामान अडकतं. ज्याचं त्याने बघावं. मी बेस पण वापरतो, ऑफसेटची लाज पण नाही.

बॉक्स नंतर पक्का करायचा हे मात्र मी लिहायला विसरलो, ते १००% खरं.

कानसबहाद्दर

दोघांचं भांडण चालू दे, मी चौथ्या काटकोनावर बोलतो कारण वायर अडकतेय ती तिथे.

दोन बॉक्सच्या मधे वाकांची बेरीज ३६० अंशाच्या वर जाऊ द्यायची नाही हा बऱ्याच ठिकाणचा नियम आहे, काही ठिकाणी तर दोन काटकोन झाले की मधे बॉक्स घाला म्हणतात. तुझे चार काटकोन म्हणजे ३६० तिथेच भरले. आता तीनसूतचं ऐकून दोन्ही टोकांना बॉक्स ऑफसेट मारशील, ते पण मोजायचे, लोक ते विसरतात. एका ऑफसेटचे १० आणि १० म्हणजे वीस, दोन्हीकडचे मिळून चाळीस. झाले ४००.

नियम सोड, हाताला काय लागतं ते सांगतो. वायर ओढताना प्रत्येक वाकाला ती आतल्या बाजूला घासते आणि पुढच्या वाकावरचा ताण मागच्या वाकावर चढतो. म्हणजे जोर बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. दोन वाकांना एका हाताने येणारी वायर चौथ्या वाकाला दोन माणसं लावून येत नाही. आणि आली तरी तिचं कव्हर ताणून पातळ झालेलं असतं, ते आत कुठेतरी, कोणाला दिसणार?

खांबावर चढायला दोन काटकोन कशाला मारलेस? खांब किती पुढे आहे? समज चार इंच. तर तिथे ३० अंशाचा एक ऑफसेट मार. चार गुणिले दोन म्हणजे आठ इंचावर दोन खुणा. १८० चे ६० होतात. फक्त एक लक्षात ठेव, ऑफसेटमधे पाइप लांबीला आखडतो. ३० अंशाला प्रत्येक इंचाला दोन सूत, चार इंचाला एक इंच. म्हणून खांबापर्यंतचं माप घेशील त्यात एक इंच वाढवून पहिली खूण कर आणि दुसरी तिथून मागे आठ इंचावर. नाहीतर वाक खांबाच्या आधीच संपतो आणि सगळा पाइप एक इंच कमी पडतो. बॉक्सच्या छोट्या ऑफसेटला हे आखडणं अर्ध्या मिमीच्या आसपास असतं, तिथे डोकं लावू नकोस.

मग तुझी बेरीज बघ. ९० आणि ९० आणि ६० आणि ४०, २८० झाले. वायर गाणं म्हणत जाईल.

अजून एक. पाइप कापल्यावर आतली धार काढतोस का? करवतीने कापलं की आतल्या कडेला पात्यासारखी कड राहते. बोट घालून बघू नकोस, माझ्या अंगठ्यावर अजून व्रण आहे. गोल कानस आत फिरव, नाहीतर रीमर. बाहेरून पण एक हात मार म्हणजे अडॅप्टर पूर्ण आत जाऊन टेकतो. मी एकदा जुन्या कामातली वायर बाहेर ओढली तर तिच्यावर दर वितीला एक ओरखडा, सगळे एकाच बाजूला, कोणीतरी धार न काढलेल्या तोंडातून ती ओढलेली. तांबं दिसत होतं दोन जागी. पाइप लोखंडी होता, पुढचं तुम्हीच समजा.

निळी_ठिणगी

लोखंडी पाइप म्हणून आठवलं, वर कोणी अर्थिंगचं बोललंच नाही. पाइप, अडॅप्टर, बॉक्स सगळं एकमेकाला धातूला धातू लागलेलं पाहिजे. बॉक्सला रंग असेल तर चेकनट बसतो तेवढ्या गोलातला रंग खरवडून काढ. चेकनटला एका बाजूला दात असतात, ती बाजू पत्र्याकडे. उलटा लावलेला चेकनट मी इतक्या वेळा बघितलाय की काय सांगू. ती जी नखाएवढी फट तू म्हणतोयस ना, ती नुसती दिसायला वाईट नाही, फॉल्टचा (बिघाडात पाइपात उतरलेला) करंट जायची वाट तिथे अर्धीच राहते. आणि एवढं करून सुद्धा पाइपातून वेगळी अर्थची वायर न्यायचीच आणि प्रत्येक बॉक्सला आत स्क्रूने बांधायची. पाइप आहे ना अर्थला, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, एक सांधा ढिला झाला की पुढचा सगळा पाइप नुसताच लोखंड.

आणि बॉक्सच्या आत जिथून वायर बाहेर येते तिथे प्लास्टिकचा बुश (पाइपाच्या तोंडाची कड झाकणारी रिंग) लाव.

बेंडर-बिंडर वापरताना चालू लाइन जवळ असेल तर मेन बंद कर आणि टेस्टरने बघून मगच हात घाल. भिंतीत भोकं पाडतोयस, आत आधीची लाइन असेल तर?

स्प्रिंगवाला

एवढी मारामारी करण्यापेक्षा पीव्हीसी मारायचा ना राव. शेडच आहे. स्प्रिंग आत घालायची, गुडघ्यावर घेऊन हळूहळू वाकवायचा, कपड्याने जरा घासून गरम केला की अजून सोपं. बेंडर नको, हिशोब नको.

कानसबहाद्दर

हिशोब नको म्हणणाऱ्याचेच पाइप मी काढत असतो 😄 सांग ना त्याला स्प्रिंग अडकली की काय होतं ते.

स्प्रिंगवाला

हो ते पण सांगतो, लपवायचं काय. शिकत होतो तेव्हा जाड पाइपाची स्प्रिंग पातळ पाइपात घातली, ढिली बसत होती, म्हणलं चालतंय. काटकोन मारला तर आतल्या बाजूला पाइपाला सुरकुत्या पडल्या आणि स्प्रिंग त्यात धरली. ओढली तर येईना. मी दोरी बांधायलाही विसरलो होतो, मग पक्कडीने टोक धरून दोघांनी दोन बाजूंनी ओढलं, स्प्रिंग उलगडून हातभर लांब तार झाली आणि अर्धी आतच. उस्ताद काही बोलला नाही, ती तार दिवसभर माझ्या शर्टाच्या खिशाला अडकवून ठेवली त्याने.

तर पीव्हीसी करणाऱ्यांसाठी. स्प्रिंग पाइपच्या गेजप्रमाणे घ्या, बाहेरचा व्यास सारखा असला तरी जाड पाइप आतून लहान असतो. वाक पाइपच्या मधे असेल तर स्प्रिंगच्या कडीला दोरी बांधून दोरीवर माप करून आत सोडा. पाहिजे त्यापेक्षा बराच जास्त वाकवा, सोडला की परत येतो. एकदम झटका देऊन नाही, आणि कडाक्याच्या थंडीत अजिबात नाही, तडकतो. स्प्रिंग काढायची तर ओढायची नाही, पिळायची, कॉइल आवळेल त्या बाजूला पिळत पिळत बाहेर घ्यायची. वाकाची गोलाई घट्ट करू नका, आतल्या बाजूची गोलाई पाइपाच्या व्यासाच्या चौपट तरी ठेवा. आणि ज्योतीवर धरून वाकवणारे आहेत, त्यांचा पाइप बाहेरून तपकिरी होतो आणि आतून बसतो, त्यापेक्षा गरम हवेची गन घ्या.

बॉक्सजवळ पीव्हीसीला पण तोच ऑफसेट लागतो बरं का, तिथे सुटका नाही. फरक एवढाच की पीव्हीसी ताण सहन करतोय असं दाखवतो, वाकून जातो बिचारा, आणि उन्हाळ्यात सांध्यातून निसटतो. तीन मीटरचा पाइप ३० अंश तापमान वाढलं की पाचसहा मिमी लांब होतो. दोन बॉक्सच्या मधे गच्च बसवलेला असेल तर जाणार कुठे, धनुष्य होतं. म्हणून सॅडल करकचून आवळत नाहीत आणि लांब सरळ रूटला मधे एक सरकता सांधा सोडतात. सोल्यूशन (पीव्हीसी चिकटवायचं) पाइपाच्या बाहेर लावा, सॉकेटच्या आत नाही. आत लावलं की पाइप ढकलताना ते गोळा होऊन आत सरकतं आणि वाळून दगड होतं, वायर बरोबर तिथेच अडते.

गुण्या_ओळंबा

वायर अडते म्हणून माझाही एक अनुभव घ्या, विषय जरा सोडून आहे. स्लॅबमधले बॉक्स. एका कामावर आम्ही पाइप टाकून गेलो, बॉक्समधे भिजवलेला कागद ठासून वर टेप मारलेला. काँक्रीट ओतायच्या आदल्या रात्री सळई बांधणाऱ्यांना बॉक्स मधे येत होते, त्यांनी बॉक्स चार इंच सरकवले, पाइप तसेच. म्हणजे बॉक्सच्या तोंडाशी प्रत्येक पाइपाला एक घडी. फळ्या काढल्यावर अकरापैकी चार बॉक्समधून स्टीलची वायर जाईना. तेव्हापासून स्लॅब भरताना आमचा एक माणूस तिथे उभा असतो, काही करत नाही, नुसता बॉक्सकडे बघतो. उघड्या पाइपाचं सुख हेच की चुकलं तर काढता येतं. तेव्हा अर्धवट भाऊ, तुमची परिस्थिती फार बरी आहे.

अर्धवट_मिस्त्री

सगळ्यांना मनापासून थँक्यू. लगेच जाऊन मोजलं. तुकडा लावून बघितला तर फट तीन सूत नाही, अडीचच्या आसपास निघाली, म्हणून खुणा पंधरा सूत म्हणजे दोन इंचाला सूतभर कमी अशा मारल्या. पहिला तुकडा कुत्र्याचा पाय झाला, रेघ मारायचा कंटाळा केला होता. दुसरा बरा पण जास्त वाकला. तिसऱ्याला अँगलमधे ठेवून रेघ मारली आणि डोळा मिटून बघितलं, आणि काय सांगू, अडॅप्टर भोकात सरळ गेला, चेकनट बोटाने फिरत फिरत टेकला, चारी बाजूंनी सारखा. मी तो दोनदा काढून परत लावला, नुसतं बघायला.

खांबाच्या दोन काटकोनांच्या जागी ३० चा ऑफसेट घेतला. एक इंच वाढवायला विसरलो नाही. स्टीलची वायर एका दमात पार.

चेकनट बघितले, पाचपैकी दोन उलटे होते 🙈

आता दोन प्रश्न. बॉक्सपासून पहिला सॅडल किती लांब मारायचा? आणि या पाइपात किती वायर बसतील कसं काढायचं, इलेक्ट्रिशियन म्हणतो बसतील तेवढ्या घालू.

तीनसूत

अडीच निघाली ना, म्हणून मोज म्हणलं. पहिला सॅडल बॉक्सपासून फूटभराच्या आत, पण ऑफसेटच्या वाकावर नको, वाक संपून पाइप भिंतीला टेकला की तिथे. वाकावर मारलास तर सॅडल परत पाइप दाबणार आणि सगळं मुसळ केरात.

कानसबहाद्दर

बसतील तेवढ्या म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखव. तीन किंवा जास्त वायर असतील तर सगळ्यांची मिळून जागा पाइपाच्या आतल्या जागेच्या ४०% च्या वर नको. वायर कव्हरसकट मोज, नुसतं तांबं नाही. समज वायर बाहेरून ४ मिमी भरली, तर तिचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिमी. पाइप आतून १७ मिमी असेल तर त्याचं २२७, त्याचे ४०% म्हणजे ९०. सात वायर बसल्या, आठवी नाही. तुझा पाइप आतून किती आहे ते कॅलिपरने मोजून आकडे बदल. आणि हे झालं बसण्याचं, गरम होण्याचा हिशोब वेगळा, एका पाइपात जास्त चालू वायर कोंबल्या तर प्रत्येकीला कमी करंट द्यावा लागतो, तो इलेक्ट्रिशियनकडून करून घेच.

निळी_ठिणगी

वायर यायला वेळ आहे ना अजून? मग पाइपांची उघडी तोंडं आजच बंद कर, टोपी नसेल तर नुसती टेप मार. कुंभारमाशी आत घर करते आणि ती माती वाळली की स्टीलची वायर पण फोडू शकत नाही.

अर्धवट_मिस्त्री

वाचून टॉर्च घेऊन गेलो. खांबाकडच्या पाइपात माती आहे 😐